मोटारींतील गारवा आणि त्याची गळती

वैशाखांतील दुपार आहे. मुंबईहून पुण्याकडे निघालेली एक मोटार खोपोली मागें टाकून बोरघाट चढूं लागली आहे. कांचा वर केलेल्या आहेत, पंखा पूर्ण वेगानें फिरत आहे, आणि तरीही समोरच्या झरोक्यांतून जी हवा येते ती गार नाहीं. आंतील मंडळी प्रथम एकमेकांकडे आणि मग चाक धरून बसलेल्या गृहस्थांकडे पाहूं लागतात. गृहस्थ एक कळ दाबतात, दुसरी फिरवितात. अखेर कांचा खालीं होतात आणि घाटांतला तापलेला वारा आंत येतो. दुसऱ्या दिवशीं मोटार मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री पुढचें झांकण उघडण्यापूर्वींच निदान सांगून मोकळा होतो, "गॅस संपला असेल, भरून टाकूं." पैसे दिले जातात, गारवा परत येतो, आणि पुढच्या वैशाखांत हाच प्रवेश पुन्हां रंगतो.

ह्या नित्याच्या प्रसंगांत एक साधा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. गॅस संपला म्हणजे तो गेला कोठें? पेट्रोल संपतें, कारण तें जळतें. दिव्यांतलें तेल सरतें, कारण त्याचा प्रकाश होतो. परंतु मोटारीला गारवा देणारा वायु जळत नाहीं व झिजतही नाहीं. बंद नळ्यांतून तो त्याच त्या फेऱ्या घालीत असतो, आणि नळ्या धड असतील तर वर्षानुवर्षें घालीत राहील. तो कमी झाला असेल तर याचा अर्थ एकच, तो बाहेर गेला आहे. हा प्रश्न नेटानें विचारावयास मनुष्यजातीला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत पृथ्वीवरच्या आकाशाला मोजावी लागली. मोटारींतील गारव्याचा इतिहास हा खरोखर त्या प्रश्नाचा इतिहास आहे.

प्रवासांत गारवा असावा ही इच्छा मोटारीपेक्षां जुनी आहे. वाळ्याचा पडदा पाण्यानें भिजवावा आणि त्यांतून येणाऱ्या झुळुकेखालीं दुपार काढावी ही युक्ति आपल्या घरांत चांगलीच परिचित आहे. पाणी वाफ होतांना उष्णता घेऊन जातें, एवढेंच तिचें रहस्य. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या वाळवंटी भागांतून जाणारे मोटारवाले खिडकीला असाच एक पाण्याचा नळकांडा टांगीत असत. धांवत्या गाडीचा वारा त्यांतल्या ओल्या जाळींतून आंत येई. परंतु ह्या युक्तीला कोरडी हवा लागते. नागपूरच्या उन्हाळ्यांत वाळ्याचा पडदा स्वर्गसुख देतो, तर मुंबईच्या दमट हवेंत तोच केवळ ओलावा वाढवितो.

दुसरा उपाय बर्फाचा. मुंबईहून पेशावरपर्यंत जाणाऱ्या फ्रॉंटियर मेल ह्या गाडीला १९३४ सालीं गार हवेचे डबे जोडले गेले, तेव्हां डब्याच्या तळाशीं पेट्यांत बर्फाच्या लाद्या रचीत व त्यांवरून फिरलेली हवा पंख्यानें आंत सोडीत. बर्फ वितळला कीं ठराविक स्थानकांवर नव्या लाद्या भराव्या लागत. येथें "भरणें" हा शब्द अगदीं यथार्थ होता. बर्फ खरोखरच खर्ची पडत असे. गारवा म्हणजे खर्च होणारी वस्तु, ही समजूत लोकांच्या मनांत तेव्हांपासूनच रुजली असावी. आजही गारव्याच्या यंत्राची शक्ति "टन" ह्या मापानें सांगतात. एक टन, म्हणजे दोन हजार पौंड, बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी उष्णता काढणारें यंत्र तें एक टनाचें. बर्फ गेला, पण त्याचें नांव मागें राहिलें.

यंत्राची कल्पना मात्र वेगळी होती. जेकब पर्किन्स ह्या गृहस्थानें १८३४ मध्यें लंडन येथें जें पेटंट मिळविलें त्यांत आजच्या यंत्राचीं सर्व मुख्य अंगें दिसतात. लवकर उकळणारा एक द्रव घ्यावा. त्याची वाफ होतांना तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. ती वाफ पंपानें दाबावी, म्हणजे ती तापते. मग तिला बाहेरच्या हवेंत उष्णता सोडावयास लावावी, म्हणजे ती पुनः द्रव होते. आणि हा द्रव एका बारीक छिद्रांतून पुनः कमी दाबांत सोडावा. मोटारींत हेंच घडतें. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर वाफ दाबतो. रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरमध्यें ती द्रव होते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेनें तो द्रव आंतल्या कॉईलमध्यें शिरतो, तेथें उकळतो, आणि प्रवाशांच्या अंगावर येणाऱ्या हवेंतली उष्णता व दमटपणा दोन्ही काढून घेतो. गार झालेल्या मोटारीखालीं जें पाणी टपकतें तें ह्या दमटपणाचें. अनेक लोक त्याला गळती समजून घाबरतात. वास्तविक तें दोषाचें नव्हे, आरोग्याचें लक्षण आहे.

पहिल्या यंत्रांतले वायु मोठे क्रूर होते. अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मिथिल क्लोराइड हे सर्व विषारी. नळी फुटली तर घरांतल्या माणसांचे प्राण जात. अशा यंत्राला बंद मोटारींत, माणसांच्या गुडघ्यांशीं, जागा मिळणें शक्यच नव्हतें. म्हणून जनरल मोटर्स ह्या कंपनीच्या फ्रिजिडेअर शाखेसाठीं थॉमस मिजली ह्यानें हेनी आणि मॅकनॅरी ह्या सहकाऱ्यांसह १९२८ मध्यें एक निराळा वायु शोधून काढला. कार्बनाला क्लोरीन व फ्लोरीन यांची जोड देऊन तो बनविलेला होता. १९३० सालीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेपुढें मिजलीनें तो वायु छातीभर आंत घेतला आणि हलकेच मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली आणि मिजली हंसत उभा राहिला. वायु विषारी नाहीं व पेटतही नाहीं, ह्या दोन्ही गोष्टी एकाच श्वासांत सिद्ध झाल्या. फ्रिऑन ह्या नांवानें तो जगभर गेला. मिजली १९४४ मध्यें वारला. आपल्या निरुपद्रवी वायूचें पुढें काय झालें हें त्याला कधींच कळलें नाहीं.

आतां मोटारीचा मार्ग मोकळा झाला. नोव्हेंबर १९३९ मध्यें शिकागो येथील प्रदर्शनांत पॅकार्ड कंपनीनें यंत्रानें गार होणारी मोटार मांडली, आणि १९४० च्या गाड्यांवर २७४ डॉलर अधिक घेऊन ती सोय देऊं केली. आज त्या यंत्राचें वर्णन ऐकून हंसूं येतें. गार करणारी कॉईल मागच्या सामानाच्या जागेंत होती, त्यामुळें अर्धी डिकी तिनेंच व्यापली. इंजिनापासून तेथवर लांबच लांब नळ्या न्याव्या लागत. सर्वांत मौज म्हणजे यंत्र बंद करण्याची सोयच नव्हती. पंखा बंद करतां येई. पण कॉम्प्रेसर थांबवावयाचा तर मोटार उभी करावी, इंजिन बंद करावें, झांकण उघडावें आणि हातानें पट्टा काढावा. हिंवाळा लागला कीं पट्टा घरीं ठेवून द्यावयाचा. महागाई आणि महायुद्ध यांपुढें ही सोय टिकली नाहीं; १९४१ नंतर ती बंद पडली.

युद्धानंतर १९५३ सालीं क्रायस्लर व जनरल मोटर्स ह्या दोघांनींही ती पुन्हां आणली. १९५४ मध्यें नॅश कंपनीनें गरम व गार हवेची सर्व यंत्रणा पुढच्या भागीं एकत्र बसवून दाखविली. लवकरच कॉम्प्रेसरच्या चाकावर विद्युच्चुंबकी क्लच आला. कळ दाबतांच चुंबक चाकाला पकडतो, सोडतांच चाक मोकळें फिरतें. पट्टा काढण्याची कटकट संपली. टेक्सास प्रांतांतल्या डॅलस व फोर्ट वर्थ येथील कारखान्यांनीं कोणत्याही मोटारीला खालून टांगतां येतील अशीं यंत्रें विकलीं. १९६९ पर्यंत अमेरिकेंत तयार होणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या मोटारी गार हवेच्या होत्या. चैनीची वस्तु अशा रीतीनें तीस वर्षांत गरजेची झाली.

परंतु ह्या यशाच्या पोटांतच गळती दडलेली होती. घरांतल्या शीतकपाटाशीं मोटारीची तुलना केली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. शीतकपाटांत विजेची मोटर आणि कॉम्प्रेसर हीं दोन्ही एकाच पोलादी डब्यांत कायमचीं जोडून बंद केलेलीं असतात. बाहेर येतात त्या फक्त तारा. म्हणून वीस वीस वर्षें त्यांत वायु भरावा लागत नाहीं. मोटारींत मात्र कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्यानें फिरवावयाचें असतें. तेव्हां त्याचा दांडा बाहेर काढणें भाग आहे, आणि फिरता दांडा जेथून बाहेर येतो तेथें कितीही उत्तम सील बसविलें तरी तें आज ना उद्यां झिजणार. शिवाय इंजिन सतत थरथरतें, म्हणून नळ्या ताठ तांब्याच्या चालत नाहींत, लवचिक रबरी घ्याव्या लागतात. आणि रबरांतून वायु थोडथोडा पाझरतोच. कंडेन्सर सर्वांत पुढें, रस्त्यावरच्या खड्यांच्या माऱ्यांत. सारांश, शीतकपाट ही विहीर असेल तर मोटार हा प्रवासांतला मातीचा घडा आहे.

ह्या घड्याला तडा कोठें गेला हें शोधण्याची एक कलाच त्या काळच्या मिस्त्र्यांनीं वाढविली होती. नळींत बसविलेल्या कांचेच्या लहानशा खिडकींतून द्रव वाहतांना दिसे. बुडबुडे दिसले कीं वायु कमी झाला असें समजावें. जोडावर साबणाचें पाणी लावावें, फेंस फुगला तर तेथें भोंक. त्याहून सूक्ष्म साधन म्हणजे एक लहानसा दिवा. त्याच्या ज्योतींत तांब्याचा तुकडा तापत असे, आणि हवा ओढणारी नळी गळतीजवळ नेतांच फ्रिऑनांतल्या क्लोरीनमुळें ज्योत हिरवी होई. आणखी एक खूण फुकटची होती. वायूबरोबर कॉम्प्रेसरचें तेलही नळ्यांतून फिरत असतें. जेथून वायु निसटतो तेथें तेलकट धूळ चिकटते. तीक्ष्ण डोळ्याच्या मिस्त्र्याला तो काळा डाग पुरे होई.

पण ही सारी खटपट करावी कोणी? वायु स्वस्त होता. लहान डब्यांतून तो अमेरिकेंत मोटारीच्या सामानाच्या दुकानीं मिळत असे. घरच्या अंगणांत उभें राहून मालक स्वतःच तो भरी. भोंक बुजविण्यापेक्षां दरसाल एक डबा ओतणें सोपें आणि हलकें पडे. दुरुस्तीपूर्वीं नळ्यांतला उरलासुरला वायु काढावयाचा तर नुसता एक आंटा सैल करीत. फुस्स आवाज होई, आणि वायु अदृश्य होई. वायु विषारी नव्हता, पेटत नव्हता, त्याला वास नव्हता. जें दिसत नाहीं व बाधत नाहीं त्याची चौकशी कोण करतो?

चौकशी केली ती जेम्स लव्हलॉक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें. त्यानें हवेंतले अत्यल्प अंश मोजणारें एक साधन तयार केलें होतें. १९७१ सालीं तें घेऊन तो शॅकल्टन ह्या जहाजानें अटलांटिक महासागरांतून दक्षिणेकडे निघाला, आणि जेथें ना कारखाना ना मोटार, तेथील हवेंतही त्याला फ्रिऑनच्या कुळांतला वायु सांपडला. १९७४ मध्यें कॅलिफोर्नियांतील मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनीं पुढचा प्रश्न विचारला: जो वायु कशानेंच नष्ट होत नाहीं, त्याचें अखेर होतें काय? त्यांचें उत्तर भयंकर होतें. तो वर चढत चढत ओझोनच्या थरापर्यंत जातो. तेथील प्रखर सूर्यकिरणांनीं तो फुटतो, त्यांतला क्लोरीन मोकळा होतो, आणि क्लोरीनचा एकेक अणु ओझोनचे हजारों रेणु मोडून टाकतो. हाच ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून सजीव सृष्टीचें रक्षण करतो. मिजलीनें ज्या गुणाची ग्वाही दिली होती तो अविकारीपणाच घातक ठरला.

१९८५ मध्यें जोसेफ फार्मन व त्याच्या दोघां सहकाऱ्यांनीं अंटार्क्टिकावरील हॅली येथील नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथील वसंतऋतूंत ओझोनचा थर विलक्षण विरळ होत चाललेला होता. मग राष्ट्रें हललीं. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें करार झाला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला. श्रीमंत राष्ट्रांनीं १९९५ अखेर हे वायु बनविणें थांबविलें; विकसनशील राष्ट्रांना २०१० पर्यंत मुदत मिळाली. १९९५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना विभागून देण्यांत आलें.

करार राजधान्यांत झाला, पण त्याची कसोटी लागली ती मिस्त्र्याच्या मोरीपाशीं. १९९२ पासून अमेरिकेंत हा वायु मोकळ्या हवेंत सोडणें गुन्हा ठरलें. तो यंत्रानें गोळा करावा, शुद्ध करावा व पुन्हां वापरावा, आणि हें काम प्रमाणपत्र असलेल्यानेंच करावें असा नियम झाला. १९९२ ते १९९४ ह्या काळांत नव्या मोटारी आर-१३४ए ह्या क्लोरीनरहित वायूवर गेल्या. तेव्हां जुनें ज्ञान एकाएकीं फोल झालें. क्लोरीनच नाहीं म्हणून ज्योत हिरवी होईना. जुनें खनिज तेल नव्या वायूंत विरघळेना. तें कॉईलमध्यें पडून राही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होई. जुन्या गाडींत नुसता नवा वायु ओतणारे लोक गारव्याबरोबर यंत्रही गमावून बसले. जुना वायु इतका महाग झाला कीं मायामी बंदरांत तो चोरून उतरविला जाऊं लागला. जो डबा कालपर्यंत अंगणांत ओतीत होते त्यावर आतां जकातीचे शिपाई पहारा करूं लागले.

आणि तरीही गळतीची कथा संपली नाहीं. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं, परंतु पृथ्वीभोंवतालची उष्णता कोंडून धरण्यांत तो कार्बन डायॉक्साइडपेक्षां तेराशें पटींहून अधिक समर्थ आहे. लहान मोटारींतला सुमारें अर्धा किलो वायु निसटला तर तो साडेसहाशें किलोंहून अधिक कार्बन डायॉक्साइडइतका अपाय करतो. म्हणून युरोपांत २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत तो वर्ज्य झाला आणि आर-१२३४वायएफ हा महाग व किंचित ज्वालाग्राही वायु आला. २०१६ सालीं रवांडांतील किगाली येथें ह्या दुसऱ्या पिढीच्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्यानें घटविण्याचें ठरलें. भारतानें त्यास २०२१ मध्यें संमति दिली.

आतां पुन्हां घाटांतल्या त्या मोटारीकडे वळूं. तिच्या मालकानें ह्या इतिहासांतून घ्यावयाचें तें एवढेंच, कीं औषधापूर्वीं निदान करावें. गारवा न येण्याचें कारण प्रत्येक वेळीं वायूची उणीव हें नसतें. गाडी धांवतांना गारवा येतो व गर्दींत उभी राहतांच जातो, तर कंडेन्सरचा पंखा पाहावा, त्याच्या जाळींत बसलेला चिखल व पाला पाहावा. झरोक्यांतून हवाच कमी येते, तर आंतली धुळीची जाळी काढून झटकावी किंवा बदलावी. थोडा वेळ गार हवा येऊन मग बंद पडते व पुन्हां येते, तर नळ्यांत दमटपणा शिरून व्हॉल्व्हच्या छिद्राशीं बर्फ धरत असावा. अशा वेळीं नळ्या पंपानें निर्वात करून, आंतली ओल शोषणारी कुपी बदलावी लागते. कॉम्प्रेसरचा क्लच पकडतच नसेल तर आधीं फ्यूज व तारा तपासाव्या. वायु फार कमी झाला कीं एक रक्षक कळ कॉम्प्रेसरला आपण होऊन थांबविते, कारण वायु नाहीं तर तेलही फिरणार नाहीं. ती कळ तारेनें जोडून यंत्र बळें चालविणें म्हणजे त्याचा घात करणें होय. आणि वायु प्रमाणाबाहेर भरला तरी गारवा घटतोच. कंडेन्सर द्रवानें तुंबतो व दाब चढतो. म्हणून दोन्ही बाजूंचे दाब मोजल्यावांचून भरणें म्हणजे दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला!

आणि जर खरोखरच वायु उणा भरला, तर मग आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत येणार कोठून? तेव्हां आड फुटला कोठें हें पाहिल्याशिवाय त्यांत पाणी ओतूं नये. चमकणारा रंग घालून निळ्या दिव्याखालीं, हुंगणाऱ्या साधनानें, नाहीं तर जुन्या पद्धतीनें साबणाच्या फेंसानें, पण भोंक शोधावें, तें बुजवावें, आणि मगच वजन करून नेमका तितका वायु भरावा. ह्याला एक दिवस अधिक लागेल आणि चार पैसे अधिक पडतील.

माँट्रियलच्या करारामुळें ओझोनचा थर आतां भरून येत आहे. अंटार्क्टिकावर तो २०६६ च्या सुमारास १९८० सारखा होईल असा शास्त्रज्ञांचा २०२२ मधील अंदाज आहे. आज ज्यांच्या मांडीवर नातवंडें खेळत आहेत ते त्या वेळीं नसतील, पण तीं नातवंडें असतील. एका पिढीनें हंसत हंसत मोकळा सोडलेला वायु निस्तरावयास तीन पिढ्या लागत आहेत. "गॅस संपला असेल, भरून टाकूं" असें मिस्त्री पुढच्या वैशाखांत म्हणेल, तेव्हां झांकण उघडण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं त्याला एवढेंच विचारावें, "संपला म्हणजे गेला कोठें?"